रत्नागिरी नवव्या अक्षराला अडते

कोल्हापूर हे नाव रोमन लिपीत लिहिले तर बरोबर ८ अक्षरे होतात आणि रत्नागिरी लिहिले तर ९. ज्यांच्या नोकरीची वर्षे आयबीएमच्या मेनफ्रेम, म्हणजे बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब चालवणाऱ्या मोठ्या, संगणकांवर गेली आहेत त्यांच्या लेखी हा फरक फार मोठा आहे, कारण त्या यंत्रावर कोल्हापूर नावाचा प्रोग्रॅम असू शकतो, रत्नागिरी नावाचा असू शकत नाही. प्रोग्रॅमचे नाव ८ अक्षरांच्या आत, जॉबचे, म्हणजे यंत्राला सोपवलेल्या कामाचे, नाव ८ अक्षरांच्या आत, जॉबमधल्या प्रत्येक पायरीचे नावही तसेच. डिस्कच्या ओळखनावाला ६ अक्षरे आणि सीआयसीएस या व्यवहार जागच्या जागी उरकणाऱ्या व्यवस्थेतल्या व्यवहाराच्या संकेतनामाला तर अवघी ४. फाइलला, म्हणजे मेनफ्रेमवाल्यांच्या भाषेत डेटासेटला, एकूण ४४ अक्षरे मिळतात, पण तीही सलग मिळत नाहीत. ठिपक्यांनी तोडलेल्या तुकड्यांत नाव लिहावे लागते आणि प्रत्येक तुकडा पुन्हा आठाच्या आत ठेवावा लागतो. दर महिन्याला किंवा दर रात्री ज्याची नवी आवृत्ती तयार होते अशा डेटासेटच्या नावाला यंत्र स्वतःच क्रमांकाचे शेपूट जोडते आणि त्यासाठी ९ जागा घेते, म्हणून अशा नावासाठी माणसाच्या हाती ३५ अक्षरेच उरतात.

पुण्यात बसून एका परदेशी बँकेच्या अशा यंत्रणेची देखभाल मी बरीच वर्षे केली आहे, आणि या विषयावर मला नेहमी दोनच सूर ऐकू आले आहेत. नवे अभियंते हसतात. खिशातल्या फोनमध्ये फाइलला वाटेल तेवढे लांब नाव देता येत असताना जगातल्या मोठमोठ्या बँकांनी आठ अक्षरांवर अडून बसावे हे त्यांना हास्यास्पद वाटते. जुनी माणसे शांतपणे सांगतात की यंत्र चालते आहे, पगार वेळेवर जमा होतात, मग नावाच्या लांबीवरून एवढा गहजब कशाला? दोघांचेही मला अर्धेच पटते. फाइलचे, प्रोग्रॅमचे किंवा जॉबचे नाव आठ अक्षरांत कोंबावे लागणे ही त्या घरातल्या माणसांची अडचण आहे आणि घरातली माणसे ती निभावून नेत आली आहेत. परंतु आधी जागा आखून द्यायची आणि मग नावाने तीत मावून दाखवायचे ही तिथली सवय जेव्हा खातेदाराच्या किंवा प्रवाशाच्या नावाला लावली जाते, तेव्हा खर्च कोणी सोसायचा याचा तो एक निर्णय असतो. हा निर्णय संस्थांनी आजवर स्वतःच्या सोयीने घेतला आणि त्याला तांत्रिक मर्यादा असे नाव दिले, हा माझा आक्षेप आहे.

आठाचा आकडा कुठून आला हे आधी पाहिले पाहिजे, कारण तो आळसातून आलेला नाही. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्यातल्या मॉडेल ३० या धाकट्या यंत्राची स्मृती ८ ते ६४ किलोबाइट एवढीच होती. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे सुप्रभाताचे एखादे फूल सहसा याहून जास्त जागा खाते. तिच्याबरोबर मिळणाऱ्या २३११ या डिस्कवर सव्वासात मेगाबाइट मजकूर मावत असे. या यंत्रांच्या रचनेत ८ बाइटांचा गट, ज्याला डबलवर्ड म्हणतात, हे एक सोयीचे माप होते आणि एका अक्षराला एक बाइट या हिशेबाने ८ अक्षरांचे नाव त्यात नेमके बसत असे. त्याआधीच्या ७०४ या यंत्रावर ३६ बिटांचा एक शब्द असे; एका अक्षराला ६ बिट धरले की त्यात ६ अक्षरे मावत, आणि म्हणूनच फोरट्रान या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चलाचे नाव ६ अक्षरांपलीकडे जात नसे. सहावरून आठावर येणे ही त्या काळी चैनच होती.

त्याहून खोल कारण डिस्कमध्ये होते आणि ते आजच्या अभियंत्यांना सहसा कोणी सांगत नाही. प्रत्येक डिस्कवर तिच्यातल्या डेटासेटांची एक यादी असते. त्या यादीतली एक नोंद १४० बाइटांची असते आणि तिचे पहिले ४४ बाइट म्हणजे डेटासेटचे नाव. हे ४४ बाइट शोधाची किल्ली म्हणून लिहिलेले असत. प्रोसेसर केवळ हवे ते नाव कळवून दुसऱ्या कामाला लागे, आणि फिरत्या तबकडीवर ते नाव कुठे जुळते हे तपासण्याचे काम डिस्कची नियंत्रक यंत्रणा स्वतः करत असे. प्रोग्रॅम ठेवण्याच्या लायब्ररीची अनुक्रमणिकाही अशाच किल्लीवर चालत असे, फक्त तिथे किल्ली ८ बाइटांची होती. म्हणजे नावाची लांबी हा केवळ कागदावरचा नियम नव्हता; हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यात ठरलेला तो करार होता. ज्या काळात प्रोसेसरचा प्रत्येक क्षण पैशांत मोजला जात होता त्या काळात हा करार शहाणपणाचा होता, आणि तो करणाऱ्यांना आज मागे वळून नावे ठेवणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

अडचण पुढे सुरू झाली. सिस्टीम/३६० विकताना आयबीएमने ग्राहकांना एक वचन दिले होते: या मालिकेतले एक यंत्र टाकून दुसरे घेतले तरी तुमचे प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागणार नाहीत. हे वचन कंपनीने ज्या निष्ठेने पाळले आहे त्याला संगणकांच्या इतिहासात फारशी तोड नाही. साठीच्या दशकात लिहिलेला प्रोग्रॅम आजच्या यंत्रावर न बदलता चालू शकतो. जगातल्या बँका आणि विमा कंपन्या अजून याच यंत्रांवर विसंबून आहेत त्याचे हे मोठे कारण आहे. या वचनाबरोबर आठ अक्षरांची मर्यादाही वारशाने पुढे चालत आली, आणि कालांतराने तिचे कारण विसरले जाऊन केवळ मर्यादा उरली. डिस्कने स्वतः नाव शोधण्याची गरज केव्हाच संपली आहे. आजच्या डिस्क आतून पूर्णपणे वेगळ्या असतात आणि बाहेरून जुन्या डिस्कचे सोंग घेतात, तरी त्या सोंगातही ४४ बाइटांची किल्ली जशीच्या तशी आहे.

इथे नेहमी सांगितले जाणारे समर्थन असे की हे बदलताच येत नाही. ते खरे नाही. सिस्टीम/३६० मध्ये स्मृतीतला पत्ता २४ बिटांचा होता, त्यामुळे १६ मेगाबाइटांपलीकडची स्मृती प्रोग्रॅमला दिसतच नसे. ऐंशीच्या दशकात तो पत्ता ३१ बिटांचा झाला आणि २००० साली आलेल्या झेडसिरीज ९०० पासून ६४ बिटांचा. दोन्ही वेळा यंत्राचा पायाच रुंद केला गेला, आणि दोन्ही वेळा जुने प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यांवर शेजारी नांदत राहिले. मोठ्या स्मृतीसाठी ग्राहक पैसे मोजायला तयार होते म्हणून हे घडले. लांब नावासाठी कोणी पैसे मोजायला तयार नव्हते.

नावांच्या बाबतीतही जिथे रेटा आला तिथे मर्यादा हलल्या आहेत, फक्त फार सावकाश. टीएसओ या व्यवस्थेतून यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे ओळखनाव चार दशकांहून अधिक काळ ७ अक्षरांचे होते, आठाचे नव्हे, कारण तो जो जॉब पाठवी त्याचे नाव ओळखनावापुढे एक अक्षर जोडून तयार होई आणि त्या अक्षरासाठी जागा राखून ठेवावी लागे. हे सात आठ होण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले. एका अक्षराची ही बढती आमच्या क्षेत्रात बातमी ठरली होती, हे बाहेरच्या माणसाला सांगितले की तो थट्टा समजतो. डीबी२ या डेटाबेसमध्ये तक्त्याच्या नावाला १८ बाइटांची मर्यादा होती. २००४ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत ती १२८ झाली. पण त्याच आवृत्तीत तक्त्यातल्या स्तंभाच्या नावाला मात्र ३० बाइटच मिळाले. डेटाबेस आणि ग्राहकाचा प्रोग्रॅम यांच्यात माहितीची देवाणघेवाण ज्या आराखड्यातून होते त्यात स्तंभाच्या नावासाठी ३० बाइटांचीच जागा आखलेली आहे, आणि तो आराखडा जगभरच्या ग्राहकांच्या तयार प्रोग्रॅमांच्या पोटात कोरला गेला आहे.

ही स्तंभाची गोष्ट मला सगळ्यात बोधक वाटते, कारण जुन्या माणसांच्या म्हणण्यातला खरा भाग तिच्यात सापडतो. नाव फक्त ज्याने मर्यादा घातली त्याच्याकडे नसते. ते हजारो परक्या प्रोग्रॅमांमध्ये नक्कल होऊन पसरलेले असते आणि त्या प्रत्येकाने आपापल्या परीने त्याला जागा आखलेली असते. त्यातले काही प्रोग्रॅम लिहिणारी माणसे निवृत्त झालेली असतात, काहींचा मूळ मजकूर हरवलेला असतो आणि चालणारी तयार प्रत तेवढी शिल्लक असते. एका जागी आठाचे सोळा केले आणि दुसऱ्या जागी राहून गेले, तर प्रोग्रॅम बंद पडण्यापेक्षा वाईट गोष्ट घडू शकते. तो चालू राहतो आणि नवव्या अक्षरापासून पुढचा मजकूर शेजारच्या रकान्यात लिहितो. तो रकाना रकमेचा असला तर काय होईल याची कल्पना कोणालाही करता येईल.

म्हणून यंत्राच्या आतल्या नावांबाबत माझे मत जुन्या माणसांकडे झुकते. आखूड नावांचा त्रास मी भोगला आहे. व्यवहार या अर्थाचा इंग्रजी शब्द ११ अक्षरांचा आहे, त्यामुळे एक विभाग त्याचे संक्षेप टीआरएन करतो, दुसरा टीआरएएन आणि तिसरा टीएक्सएन, आणि तिन्ही विभागांच्या फाइली एकाच रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे रात्री एकगठ्ठा चालणाऱ्या कामांत, एकत्र येतात. प्रत्येक संस्थेत नाव कसे ठेवावे याची एक नियमावली असते: पहिले अक्षर यंत्रणेचे, पुढची दोन विभागाची, चौथे अक्षर काम रोजचे की महिन्याचे ते सांगणारे, आणि उरलेले आकडे. आमच्याकडे प्रोग्रॅमांच्या एका मोठ्या गटाच्या नावात अशी दोन अक्षरे होती की त्यांचा अर्थ कोणालाच सांगता येत नव्हता. टंकलेखन यंत्रावर लिहिलेल्या एका जुन्या नियमावलीची छायाप्रत पुढे कधीतरी हाती लागली आणि उलगडा झाला की ती अक्षरे एका विभागाची होती आणि तो विभाग आमच्यापैकी कोणी शाळेत जाण्याआधीच बंद झाला होता. विभाग गेला, अक्षरे राहिली आणि आम्ही नव्या प्रोग्रॅमांनाही निमूटपणे तीच अक्षरे लावत राहिलो.

एवढे असूनही ती नावे लांब करा असे मी म्हणणार नाही. नाव वाचणारे लोक प्रशिक्षित असतात आणि त्यांना त्या कामाचा पगार मिळतो. शिवाय त्या आठ अक्षरांवर बरेच काही उभे असते: डेटासेटच्या नावाचा पहिला तुकडा पाहून सुरक्षाव्यवस्था ठरवते की तो कोणी वाचावा आणि कोणी पुसावा, ठरावीक स्थानावरचे अक्षर पाहून वेळापत्रक चालवणारी यंत्रणा ठरवते की काम आज करायचे की महिनाअखेरीस. त्याच यंत्रावर युनिक्स या दुसऱ्या संगणकप्रणालीच्या धर्तीची फाइलव्यवस्था नव्वदच्या दशकातच आली, तीत २५५ अक्षरांपर्यंत नाव देता येते, आणि तरीही रात्रीची बॅच बहुतांशी जुन्याच डेटासेटांवर चालते, यावरून आतल्या लोकांचा कौल पुरेसा स्पष्ट होतो. त्यांच्याकडून मागायचे तर एवढेच मागावे की नावांचा अर्थ सांगणारा कोश जिवंत ठेवा. नियमावली जाणणारी पिढी आता भराभर निवृत्त होते आहे आणि तिच्या डोक्यातले संक्षेप कुठेही उतरवून घेतलेले नाहीत. हे काम स्वस्त आहे आणि तरी ते होत नाही, याला मात्र आठ अक्षरे जबाबदार नाहीत.

पासवर्डाचे प्रकरण आतल्या आणि बाहेरच्या जगाच्या उंबरठ्यावरचे आहे. मेनफ्रेमवरच्या रॅकएफ या सुरक्षाव्यवस्थेत पासवर्डही आठ अक्षरांचाच, आणि कितीतरी वर्षे त्यात मोठी रोमन अक्षरे, आकडे आणि तीन चिन्हे एवढेच चालत असे. या ३९ चिन्हांतून आठ जागा भरायच्या तर सुमारे ५ लाख ३५ हजार कोटी शक्यता होतात. सत्तरीच्या दशकात हा आकडा अजस्र होता. जुन्या पद्धतीने साठवलेल्या पासवर्डांची यादी हाती लागली तर आजच्या चांगल्या ग्राफिक कार्डाला तो काही तासांचा खेळ आहे. इथे आयबीएमने शंभर अक्षरांपर्यंतच्या परवलीच्या वाक्याची सोय केली, तीही जुना पासवर्ड न मोडता, त्याच्या शेजारी. ती वापरायची की नाही हे संस्थांवर सोडले आहे, आणि पासवर्डासाठी पडद्यावर आठच जागा आखणारे जुने प्रोग्रॅम न बदलल्यामुळे अनेक ठिकाणी ती वापरली जात नाही. इथून पुढे दोष यंत्राचा उरत नाही.

आता माणसांच्या नावांकडे येतो. बेल्जियममधल्या एका बँकेच्या ग्राहकाने तक्रार केली की माझ्या नावातले उच्चारचिन्ह तुमच्या नोंदींत गाळले जाते, ते नाव बरोबर लिहा. बँकेचे म्हणणे असे की आमची यंत्रणा १९९५ पासूनच्या मेनफ्रेमवर चालते, तिच्यातली एबसिडिक ही अक्षरसंकेतपद्धती अशी चिन्हे ओळखत नाही, आणि ती बदलणे खर्चिक व वेळखाऊ आहे. प्रकरण ब्रसेल्सच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला: युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण नियमांनी चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिलेला आहे, नाव ही माहिती आहे, आणि दुरुस्तीला काही महिने व जादा पैसे लागतात म्हणून तो हक्क डावलता येत नाही.

या निकालावर आमच्या व्यवसायातल्या कित्येकांनी नाक मुरडले, पण त्यातली तांत्रिक बाजू त्यांना माहीत असायला हवी होती. एबसिडिकमध्ये २५६ संकेतांची जागा आहे आणि देशोदेशीच्या गरजेनुसार तिच्या वेगवेगळ्या सारण्या आहेत. बेल्जियमसारख्या देशांसाठीच्या ५०० क्रमांकाच्या सारणीत पश्चिम युरोपातली उच्चारचिन्हे आहेतच. किंबहुना मेनफ्रेमच्या नावांत रोमन वर्णमालेव्यतिरिक्त जी तीन चिन्हे चालतात, म्हणजे अ‍ॅट, हॅश आणि डॉलर, त्यांना राष्ट्रीय अक्षरे म्हणण्याचे कारणच हे आहे की डेन्मार्क आणि नॉर्वेच्या सारणीत त्या तीन जागी त्यांच्या वर्णमालेतली शेवटची तीन अक्षरे येतात. तिथल्या प्रोग्रॅमरला साठ वर्षांपूर्वीच्या नियमातही आपल्या भाषेत डेटासेटचे नाव ठेवता येते. त्यामुळे यंत्राला ते चिन्ह येत नाही हे म्हणणे टिकत नाही. बँकेच्या शेकडो प्रोग्रॅमांनी कुठली सारणी वापरायची यावर कधी एकमत केलेच नव्हते, आणि ते करण्याचा खर्च कोणाला नको होता.

आपल्याकडच्या बहुतेक बँकांची यंत्रणा वेगळ्या जातीची आहे, तरी नावाला आधी जागा आखायची ही सवय तिथेही शिरली आहे, आणि महाराष्ट्रात ती लवकरच अंगावर येईल अशी चिन्हे आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे. निर्णय मला मनापासून आवडतो. पण ज्ञानेश्वरी सावित्री पांडुरंग कुलकर्णी असे एखादे साधे, कल्पित नाव घ्या आणि ते पासपोर्टात असेच गेले आहे असे माना. पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचण्यासाठी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, वरच्या ओळीत नावासाठी ३९ जागा असतात आणि फक्त रोमन अक्षरे चालतात. आडनाव, मोकळ्या जागेऐवजी येणारी दोन भरणचिन्हे, मग बाकीची तीन नावे आणि त्यांच्यामधली दोन चिन्हे, असे मोजले तर हे नाव ४० जागा मागते. पांडुरंगाचे शेवटचे अक्षर कापले जाते. बँकेच्या कार्डावरच्या चुंबकीय पट्टीत नावाला २६ जागा असतात. तिथे तर एक अख्खा पूर्वज गळतो, आणि तो आई की वडील हे कोणा अनोळखी प्रोग्रॅमरने लिहिलेल्या ओळीवर ठरते.

देवनागरीत नाव ठेवायचे म्हटले तर हिशेब आणखी वेगळा होतो. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या संकेतव्यवस्थेची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, हलन्त या साऱ्या स्वतंत्र खुणा असतात. ज्ञानेश्वर या नावात अशा १० खुणा आहेत, म्हणजे ३० बाइट. जुन्या हिशेबाने ३० बाइटांचा रकाना आखलेला असेल तर त्यात नुसते ज्ञानेश्वर मावतात. पांडुरंगाला आणि कुलकर्ण्यांना बाहेर उभे राहावे लागते. नव्या यंत्रणेच्या कंत्राटात नावाची लांबी अक्षरांत मोजायची की बाइटांत, एवढे तरी स्पष्ट लिहिलेले असावे.

यावर उत्तर येते की दोनचार अक्षरे गळाल्याने कोणाचे काय बिघडते? बिघडते ते असे, की दोन संस्थांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी नाव कापले की त्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि ती दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवर येते. प्रतिज्ञापत्र, मुद्रांकाचा कागद, राजपत्रातली जाहिरात आणि अर्ध्या दिवसाची रजा हा सगळा खर्च ज्याने रकाना आखडता ठेवला त्याच्या वहीत कुठेही दिसत नाही. खर्च दिसत नाही म्हणून दुरुस्ती परवडत नाही असे म्हणता येते.

दुरुस्ती शक्य असते याचा पुरावा आमच्याच पिढीच्या हातून घडलेला आहे. वर्ष दोन आकड्यांत लिहिण्याची काटकसरही याच काळातली आणि याच कारणाची होती. १९९९ संपत आले तेव्हा जगभरच्या बँकांनी ते रकाने शोधले, तपासले आणि बदलले, आणि त्या कामाचा मोठा वाटा मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात बसलेल्या मराठी मुलामुलींनी कॉबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ओळी वाचत उचलला. काही ठिकाणी रकाना दोनाचा चार केला. जिथे ते झेपले नाही तिथे अमुक आकड्याच्या खालचे वर्ष नव्या शतकातले धरा अशी मधली वाट काढली. हरवलेला मूळ मजकूर, निवृत्त झालेली माणसे, परक्या प्रोग्रॅमांतल्या नकला या आज सांगितल्या जाणाऱ्या साऱ्या अडचणी तेव्हाही होत्या. तेव्हा चूक राहिली असती तर व्याजाचा हिशेब बँकेच्या अंगावर उलटला असता. नाव कापले गेले तर ते ग्राहकाच्या अंगावर उलटते. दोन्हींमधला फरक मला तरी एवढाच दिसतो.

म्हणून या प्रश्नाला धक्का बाहेरूनच लागला पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या १२व्या कलमात स्वतःविषयीची माहिती दुरुस्त, पूर्ण आणि अद्ययावत करून घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. त्यातला पूर्ण हा शब्द मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो, कारण कापलेले नाव नेहमीच चुकीचे असते असे नाही, पण ते अपूर्ण निश्चित असते. यंत्रणेत जागा नाही हे कारण या कलमापुढे ग्राह्य धरायचे की नाही याचा निवाडा आज ना उद्या आपल्याकडेही करावा लागेल, आणि तो ब्रसेल्सच्या दिशेने व्हावा.

तसा तो झाला तर जुनी यंत्रणा उखडावी लागेल ही भीतीही अनाठायी आहे. खाते क्रमांकाला जोडलेला एक नवा तक्ता करावा, त्यात नाव ज्या लिपीत आणि ज्या लांबीचे असेल तसे पूर्ण ठेवावे, आणि ग्राहकाच्या डोळ्यांपुढे जे जे येते, म्हणजे पासबुक, पत्र, पडद्यावरचे नाव, दुसऱ्या संस्थेला पाठवली जाणारी ओळखीची नोंद, ते सारे त्या तक्त्यातून वाचावे. तीस बाइटांचा जुना रकाना जिथे आहे तिथे राहू द्यावा. रात्रीच्या बॅचला त्याची सवय आहे आणि तिला हात लावण्याचे कारण नाही. पत्ते २४ बिटांवरून ६४ बिटांवर गेले तेव्हा आणि परवलीचे वाक्य पासवर्डाशेजारी आले तेव्हा हाच मार्ग वापरला गेला होता. त्या नव्या तक्त्यात नावे भरणाऱ्या प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव मात्र आठ अक्षरांतच बसवावे लागेल, आणि त्याला माझी काहीही हरकत नाही.